पाच हिवाळ्यांची चाके

एका माणसाला दिलेला शब्द पाळणे कितीही कठीण असले, तरी त्याची वाट सरळ असते. परंतु एकाच गोष्टीविषयी दोन माणसांना दोन शब्द दिले आणि ते दोन्ही निष्ठेने पाळले, तर पाळणारा सत्यवचनी ठरतो आणि ती दोन माणसे मात्र एकमेकांना कायमची अंतरतात, असेही घडू शकते. मिरजेच्या शाळेत मी छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. वचनासाठी राज्य सोडणाऱ्यांच्या, प्राण देणाऱ्यांच्या कथा मुलांना वर्षानुवर्षे रंगवून सांगितल्या. त्या कथांमध्ये ही अडचण मला कधी भेटली नाही. ती भेटली कॅनडातील कॅल्गरी नावाच्या शहरात, मोटारीची टायर विकणाऱ्या एका दुकानात. त्याला आता अकरा वर्षे झाली.

“अण्णा, इथे बोट घाला,” मुकुल म्हणाला.

माझा मुलगा दुकानदाराच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मांडीवर टायरचा कापलेला एक तुकडा नमुन्यासाठी ठेवला होता. रबरावर जाड खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेच्या अंगावर केसासारख्या बारीक चिरा. मी बोट घातले.

“मऊ आहे की रे!”

“तीच तर गंमत आहे. आत्ता गाडीला आहेत ती उन्हाळ्याची टायर. थंडी सात डिग्रीच्या खाली गेली की त्यांचं रबर दगडासारखं होतं. हे रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. आणि या चिरांमध्ये बर्फ शिरतो.”

“मग घसरायला नको का?”

“उलट. बर्फाला सगळ्यात चांगला कोण धरतो? बर्फच.” तो हसला. हसताना त्याच्या गालांची हाडे वर आली, आणि मी पुन्हा रबराकडे पाहू लागलो.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. आमच्याकडे नवरात्र संपत आले होते आणि तेथे वर्षातला पहिला बर्फ पडून गेला होता. दुकानाच्या काचेबाहेर मुकुलची काळी मोटार उभी होती. ती त्याने त्याच वर्षी चैत्रात घेतली होती. दिसायला जीपसारखी उंच, आणि पळायला शर्यतीच्या गाडीसारखी. तिच्यात साडेपाचशे घोड्यांचे बळ आहे, असे त्याने मला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितले होते. “अरे, सूर्यनारायणाच्या रथाला सुद्धा सातच आहेत,” मी म्हणालो होतो, आणि तो खदखदून हसला होता. ज्येष्ठात त्याच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला. त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

दुकानाचे मालक बलकारसिंग साठीच्या पुढचे गृहस्थ होते. निळी पगडी, जाळीत बांधलेली पांढरी दाढी. तरुणपणी ते फौजेत होते आणि नगरला चार वर्षे रणगाडे दुरुस्त करीत होते. आम्ही मराठी बोलतो आहोत हे कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला होता.

“बाऊजी, मला मराठी सगळी समजते,” ते म्हणाले. “फक्त बोलली की लोक हसते. तुम्ही बसा. चाय घेणार? मशीनची आहे, पण गरम आहे.”

“बलकारजी, चाकं वीस इंचीच हवीत,” मुकुल म्हणाला. “कंपनीची बावीस इंची आहेत. बर्फाला ती फार मोठी.”

“एकोणीस नाय बसणार. याचा ब्रेक मोठा आहे, आतून घासेल.”

“माहीत आहे. म्हणून वीस. आणि चारही एकसारखी द्या, मागची रुंद नकोत.”

“अरुंद का बरे?” मी विचारले. “रुंद पाऊल अधिक स्थिर नसते का?”

“रस्त्यावर असतं, अण्णा. बर्फावर रुंद चाक तरंगतं. अरुंद चाक बर्फ कापत खाली जातं आणि जमिनीला टेकतं.”

बलकारसिंगांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. “बाऊजी, तुमचा मुलगा मागच्या महिन्यापासून सहा वेळा आला. सहा! इथे लोक येते, बोलते, ‘स्वस्त वाला लाव, घरी जायचं आहे.’ हा माणूस तर लग्नाला पोरगी बघते तसे टायर बघते.”

“मला बघायला इतका वेळ नव्हता लावला त्याने,” वृंदा म्हणाली. “एक चहा पिऊन हो म्हणाला होता.”

वृंदा माझी सून. ती मुकुलच्या खुर्चीमागे उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. तिच्या आवाजात त्या दिवशी एक उत्साह होता. तो खरा नव्हता, हे त्या दुकानात मला एकट्याला ठाऊक होते.

“चाकं काळी घेऊ या हं, मुकुल,” ती म्हणाली. “रुपेरी चाकं रस्त्यावरच्या मिठाने दोन वर्षांत कळकट दिसायला लागतात.”

“काळीच घेऊ.”

“मग फक्त एक सवाल,” बलकारसिंग म्हणाले. त्यांनी दोन टायर आमच्यासमोर उभी केली आणि एकेकावर थाप मारली. “गाडी किती विंटर ठेवणार? एक-दोन असेल, तर हे घ्या, चांगलं आहे. जास्त असेल, तर हे दुसरं. हे पाच विंटर आरामात चालते. बोला, किती?”

येथे मला थोडे मागे गेले पाहिजे.

मी सप्टेंबरच्या अखेरीस तेथे पोहोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी संध्येला बसलो असता मुकुल येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. त्याला बसायलाही कष्ट पडले. माझे आचमन झाले तसा तो म्हणाला, “अण्णा, मला तुमच्याकडून एक शब्द हवा आहे. नुसता नको. पाणी सोडून हवा.”

“पाणी कशाला? मी नुसता दिलेला शब्द कधी मोडला आहे का?”

“नाही. पण पाणी सोडलंत की तुम्ही मनातल्या मनातसुद्धा मागे फिरत नाही. मी लहानपणापासून बघतोय.”

आणि त्याने सांगितले. ऑगस्टात तो डॉक्टरांकडे एकटाच गेला होता. गोळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, नाताळ दिसला तर खूप. घरी येऊन त्याने वृंदेला सांगितले की औषध लागू पडले आहे आणि अजून दोन-तीन वर्षे सहज मिळतील.

“तिला कळता कामा नये, अण्णा. तिला हे शेवटचे दोन-तीन महिने तरी माझ्याबरोबर हसून काढू देत. नंतर रडायचंच आहे.”

मी उजव्या हातावर पळीभर पाणी घेतले आणि ताम्हनात सोडले.

त्यानंतर चौथ्या दिवशी वृंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मुकुल वर झोपला होता. तिने तवा उतरवला, पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अण्णा, तुम्हाला काही सांगायचं आहे. पण आधी माझ्या गळ्याची शपथ घ्या, मुकुलला कळू देणार नाही म्हणून.”

मी घेतली. काय घेतो आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

वृंदा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. “मी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे वाचते, अण्णा,” ती म्हणाली. “त्याचा रिपोर्ट टेबलावर राहिला होता. डॉक्टर काय बोलले असतील ते बोलले असतील, त्याच्या कानात ते शिरलेलंच नाही. तो मला म्हणतो औषध लागू पडलंय. खरंच मानतो तो तसं. फार तर नाताळापर्यंत आहे तो. मला माहीत आहे असं त्याला कळलं, तर तो त्याच दिवशी खचेल. त्याची ती आशा मला मोडायची नाही.”

मी म्हणालो, “सूनबाई, तू त्याच्याशी एकदा बोलून—”

“अण्णा, शपथ.”

तिने तवा पुन्हा शेगडीवर ठेवला.

म्हणजे त्या घरात असे होते : त्याला ठाऊक होते आणि तो तिच्यासाठी लपवत होता, तिला ठाऊक होते आणि ती त्याच्यासाठी लपवत होती, आणि दोघांनाही ठाऊक आहे, हे मला एकट्याला ठाऊक होते.

टायरच्या दुकानात बलकारसिंगांनी विचारले, किती हिवाळे? आणि मुकुल व वृंदा एकाच क्षणी, एकाच आवाजात म्हणाले, “पाच.”

बलकारसिंगांनी टाळी वाजवली. “वा! मियां-बीवी एकदम! आमच्या लग्नाला अडतीस साल झाली, बाऊजी. चायमध्ये साखर किती, यावर अजून आमचं एक मत नाय झालं.”

मुकुल हसला. वृंदा हसली. मीही हसलो असेन. मला आठवत नाही.

“खिळेवाली पायजे?” बलकारसिंगांनी विचारले. “हायवेला बर्फाचा काच होते, तेव्हा खिळा चांगला पकडते.”

“नको,” मुकुल लगेच म्हणाला. “खिळ्यांचा कोरड्या रस्त्यावर फार आवाज येतो. गाडीचा आवाज बदलला की ती घाबरते आणि—” तो थांबला. “म्हणजे शेजारी बसल्यावर. शेजारी बसली तरी घाबरते ती.”

वृंदेने मान वळवून काचेबाहेर पाहिले.

तिच्या भीतीला कारण होते. तेथील तिच्या तिसऱ्या हिवाळ्यात तिची मोटार बर्फावरून गरकन फिरून रस्त्याकडेच्या खड्ड्यात उलटली होती. मदत येईपर्यंत चाळीस मिनिटे ती पट्ट्याला लोंबकळत होती. त्यानंतर तिने बर्फात कधी गाडी चालवली नाही. तिची प्रयोगशाळा चाळीस किलोमीटर दूर, दुसऱ्या गावात. अकरा हिवाळे मुकुल तिला रोज पहाटे तेथे सोडून परत येई, आपल्या कामावर जाई, आणि संध्याकाळी पुन्हा आणायला जाई. पुढच्या हिवाळ्यात तिला कोण सोडणार, हा एकच प्रश्न घेऊन तो सहा वेळा त्या दुकानात आला होता. हे मला त्या “घाबरते” या शब्दाबरोबर उमगले. तिलाही ते उमगले असावे काय, असे मला क्षणभर वाटले. परंतु तिने तोंड वळवले ते डोळे पुसण्यासाठी, आणि पुन्हा वळून म्हणाली, “कॉफी आणते सगळ्यांना.”

मी तिच्यामागून यंत्रापाशी गेलो. तिने कागदी पेला हातात धरला होता, पण कळ दाबली नव्हती.

“बघितलंत, अण्णा? पाच म्हणाला. लहान मुलासारखा निवड करतोय. केवढी आशा आहे त्याला!” तिचा आवाज चिरकला. “मला ही गाडी नको आहे. मला इथे एकटीला एक दिवस राहायचं नाहीये, हिवाळा कसला घेऊन बसलात. त्याच्यामागे मी इथे काय करू? पण मी हे त्याला विचारू कसं? विचारायचं म्हणजे तू जाणार आहेस असं म्हणायचं.”

“विचार, सूनबाई,” मी म्हणालो. एवढे मी म्हणालो, हे खरे आहे.

“तुम्ही वडील आहात त्याचे, आणि तुम्ही असं सांगता?” ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होते. मी पुढचे वाक्य बोललो असतो, तर पुरे होते. ‘त्याला माहीत आहे.’ तीनच शब्द. परंतु ते पाण्याखाली गेलेले होते.

तासाभरात चाके चढली. बलकारसिंगांनी प्रत्येक नट स्वतःच्या हाताने आवळून पाहिला आणि मुकुलच्या खांद्यावर हात ठेवला. त्या खांद्यात काही उरलेले नाही, हे त्यांच्या हाताला कळले असावे. कारण त्यांनी तो हात पटकन काढला नाही, फार हळू काढला.

“जा बेटा. वाहेगुरू भलं करो.”

बाहेर आल्यावर मुकुल चालकाच्या बाजूला गेला नाही. तो शेजारच्या जागेवर बसला.

“तू चालव,” तो वृंदेला म्हणाला.

“मी? मला नाही जमायचं. तू आहेस की.”

“आज पोट दुखतंय. चालव. आधी त्या शाळेच्या मागे ने, तिथे मोकळं मैदान आहे.”

शनिवार असल्यामुळे शाळा बंद होती. मागचे गाड्या लावायचे विस्तीर्ण आवार पांढरे पडले होते, त्यावर एकही चाकोरी नव्हती. मी मागच्या आसनावर बसलो होतो. मुकुलने गुडघ्यांवर दोन्ही हात टेकले, जणू आपणच चालवणार आहोत.

“आता तीसपर्यंत ने. ने, कोणी नाही समोर. हं. आता ब्रेक दाब. जोरात!”

वृंदेने ब्रेक दाबला आणि लगेच सोडला. मोटार तिरकी घसरत गेली. तिने किंकाळी दाबली.

“सोडलास का?”

“पायाखाली धडधडलं ना! मला वाटलं काहीतरी मोडलं.”

“ते धडधडणारच. गाडी स्वतः ब्रेक धरते-सोडते, म्हणून धडधडतं. तू पाय उचलायचा नाही. आणि खड्ड्याकडे बघू नकोस. जिथे जायचंय तिथे बघ, हात आपोआप तिकडे जातात. पुन्हा.”

“मुकुल, पुरे आज.”

“पुन्हा!”

तो ओरडला. मी त्याला बायकोवर ओरडताना कधी ऐकले नव्हते. ओरडल्यावर त्याला धाप लागली आणि त्याने पोटावर मूठ दाबून धरली. वृंदेने ती मूठ पाहिली, आणि एक शब्द न बोलता मोटार वळवून पुन्हा आवाराच्या टोकाला नेली.

सात वेळा असे झाले. चौथ्या वेळी ती रडली. पाचव्या वेळी मुकुल म्हणाला, “आमच्या मिरजेतला टांगेवाला बरा तुझ्यापेक्षा,” आणि ती रडता रडता म्हणाली, “त्याच्याकडे साडेपाचशे घोडे नव्हते!” आठव्या वेळी तिने ब्रेक दाबला आणि दाबून धरला. मोटार धडधडली, थरथरली, आणि एका सरळ रेषेत जागच्या जागी थांबली.

इंजिनाचा मंद आवाज तेवढा येत होता.

“बघ,” मुकुल म्हणाला. “जमलं.”

वृंदेने दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर तसेच ठेवून समोर पाहत विचारले, “पुढच्या वर्षी विसरले तर पुन्हा शिकवशील ना?”

“शिकवीन की.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

मागच्या आसनावरून मला आरशात तिचे डोळे दिसत होते आणि बाजूने त्याचा गाल दिसत होता. दोघेही समोरच्या पांढऱ्या आवाराकडे पाहत होते. दोघांपैकी एकानेही मान वळवली असती, तर दुसऱ्याचा चेहरा पाहून त्याला सर्व काही समजले असते. दोघांनीही वळवली नाही.

“मुकुल,” मी म्हणालो.

“काय, अण्णा?”

त्या एका क्षणात मी किती शास्त्र आठवले! मोडलेल्या संकल्पाला प्रायश्चित्त आहे, हे मी जाणत होतो. एक उपवास, एक दिवसाचा जप. तेवढ्याने तो दोष फिटतो. गळ्याची शपथ तर शास्त्रात नाहीच, ती बायकामुलांची रीत. मला मार्ग मोकळा होता. परंतु सत्तर वर्षे मी माझा शब्द सोवळ्यात ठेवला होता. आणि सोवळ्याची सवय अशी असते, की घराला आग लागली तरी माणूस आधी शिवाशिव पाहतो.

“काही नाही,” मी म्हणालो. “सावकाश घरी चला.”

त्यानंतर मुकुल एकोणीस दिवस जगला. त्यातले शेवटचे आठ दिवस रुग्णालयात, वेदना शमवणाऱ्या औषधाच्या गुंगीत. उरलेले अकरा दिवस घरी होते. त्या अकरा दिवसांत दोघे पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तळ्याकाठी राहायला जायचे, याची चर्चा करीत. तो तिला चित्रे दाखवी, ती म्हणे हे नको, ते घेऊ. मी दुसऱ्या खोलीत बसून ऐकत असे. हात जपमाळेवर असे. ओठांवर काय असे, ते देवाला ठाऊक. शेवटच्या सकाळी त्याने डोळे उघडले, वृंदेकडे पाहिले आणि काहीतरी म्हणाला. तिने वाकून कान लावला. काय म्हणाला ते तिला समजले नाही. तिने पुन्हा विचारले, तोवर तो पुन्हा गुंगीत गेला होता. संध्याकाळ होण्याआधी तो गेला.

बाराव्या दिवशी, विधी आटोपल्यावर, वृंदा मोटारीचे कागद आणायला गॅरेजमध्ये गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेलो. ती चालकाच्या जागी बसली होती. समोरचा लहान कप्पा उघडा होता आणि तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तिने तो माझ्याकडे दिला. मुकुलचे अक्षर होते.

‘पहिला हिवाळा : ऑक्टोबर लागला की चढव. बर्फाची वाट पाहू नकोस. हवा दर पंधरा दिवसांनी बघ, थंडीत ती उतरते. दुसरा : पुढची चाकं मागे, मागची पुढे. तिसरा : खाचांची खोली मोजून घे. चौथा : आता तू माझ्यापेक्षा बरी चालवत असशील. पाचवा : ही काढून नवी घे. बलकारजींकडेच जा, दुसरा कोणी मोठी चाकं गळ्यात मारेल. ब्रेक सोडू नकोस. घाबरू नकोस.’

खाली तारीख होती. मी मिरजेहून निघण्याच्याही आधीची.

“त्याला माहीत होतं,” वृंदा म्हणाली.

“हो.”

“त्याला माहीत होतं, हे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि मलाही माहीत आहे, हे तर मीच तुम्हाला सांगितलं होतं.”

मी मान हलवली.

तिने माझ्या हातातला कागद परत घेतला. मग म्हणाली, “मग त्या शनिवारी या गाडीत आम्ही दोघं कोणासाठी नाटक करत होतो, अण्णा? तुमच्यासाठी?”

“मी शब्द दिला होता, सूनबाई.”

“दोघांनाही?”

“दोघांनाही.”

“आणि दोन्ही पाळलेत.”

हे ती रागाने म्हणाली नाही. एखाद्या रुग्णाचा आकडा वाचून दाखवावा, तशी म्हणाली. त्या सुरात काही न्यूनाधिक नव्हते.

“मला त्याला एकच विचारायचं होतं,” ती म्हणाली. “मी इथे राहू, की परत जाऊ? तो सांगेल ते मी केलं असतं, आणि मग माझं मन खात बसलं नसतं. त्याला वाटलं, मी राहणार. म्हणून त्याने मला पाच हिवाळे लिहून ठेवले. मला एकही नको होता, हे त्याला कळलंच नाही. आता मी राहिले तर माझ्या मनाविरुद्ध, आणि गेले तर त्याच्या मनाविरुद्ध.” तिने कागदाची पूर्वीच्याच घड्यांवर घडी घातली. “आणि तो शेवटी काय म्हणाला, तेही मला कळलं नाही. कदाचित हेच म्हणाला असेल. कदाचित नुसतं पाणी मागितलं असेल.”

मी तिच्यासमोर हात जोडले. आयुष्यात प्रथमच मी वयाने लहान असलेल्या माणसापुढे हात जोडले. तिने ते खाली केले नाहीत, आणि धरलेही नाहीत.

पौषात तिने घर विकले. मोटार बलकारसिंगांनी कोणा अनोळखी कुटुंबाला विकून दिली, चारही चाकांसकट. ती चाके बर्फात एक महिनाही पुरती फिरली नव्हती. वृंदा आता नाशिकला आपल्या बहिणीजवळ असते. मुकुलच्या श्राद्धाला दर वर्षी मिरजेला येते, मला वाकून नमस्कार करते, सर्वांना वाढते, पानावर बसते आणि दोन घास खाऊन उठते. तिथे राहिली नाही याचा नव्हे, परत आली याचाही नव्हे. न विचारता आली, याचा तिला सल आहे. मी त्यावर काही बोलत नाही. मला बोलायचे होते, ते त्या आवारात बोलायचे होते.

त्या पाण्याचे प्रायश्चित्त मी नंतर घेतले. उपवास केले, जप केला. शास्त्राप्रमाणे त्याने मोडलेल्या शब्दाचा दोष फिटतो. पाळलेल्या शब्दाचे प्रायश्चित्त मला कोठे सापडले नाही.

मुकुलला सद्गती लाभो. वृंदेचे मन कधीतरी निवो, आणि तिला तिचे उत्तर कोठूनतरी मिळो. बलकारसिंगांना दीर्घ आयुष्य मिळो आणि चहातल्या साखरेवरचे त्यांचे घरचे भांडण दीर्घकाळ चालो. ती मोटार ज्यांनी घेतली, त्यांची मी नावे जाणत नाही. त्यांच्या चाकांखाली वाट घट्ट राहो, आणि गाडीत शेजारी बसणाऱ्यांना एकमेकांकडे मान वळवण्याइतके धैर्य ईश्वर देवो. स्वस्ति.